सिझरनंतर नॉर्मल? मुरूडहून हिशेब करताना

मला सध्या चौतिसावा आठवडा चालू आहे, मुरूडच्या घरातूनच ऑफिसचं काम करते. आज आमच्या घरात चार महिने चाललेल्या वादाबद्दल बोलते. पहिलं सिझर झालंय, तर आता नॉर्मलचा प्रयत्न करायचा की थेट सिझर?

सासूबाईंचं म्हणणं, "एकदा सिझर म्हणजे पुढे सिझरच." हे त्यांचं एकट्यांचं नाही बरं का. १९१६ साली न्यूयॉर्कच्या डॉ. एडविन क्रेगिन यांनीही हेच लिहिलं होतं. पण तेव्हा गर्भाशयावर उभा छेद घ्यायचे. आता बहुतेक वेळा खालच्या भागात आडवा घेतात, तो व्रण कळांमध्ये जास्त टिकतो. बाहेरच्या टाक्यांवरून आतला छेद कळत नाही हं, म्हणून आधी जुने कागद काढले. आडवाच होता.

अशा एका सिझरनंतर प्रयत्न केला, तर शंभरातल्या साधारण ६० ते ८० जणींची नॉर्मल होते. माझा मोठा पायाळू होता म्हणून सिझर झालं. या बाळाचं डोकं खाली आहे, म्हणजे ते कारणच उरलं नाही. व्रण फाटण्याचा धोका २०० जणींत एखादीला. सॉफ्टवेअरवाल्यांना अर्धा टक्का ऐकून हायसं वाटतं. पण ती एक मीच असले, तर काही मिनिटांत भूलतज्ज्ञ, रक्त, ऑपरेशन सगळं लागतं. अलिबाग इथून पन्नासेक किलोमीटर, तारीख जुलैची, मांडव्याच्या लाँचा तेव्हा बंद.

मग सरळ सिझरच का नाही? तर प्रत्येक सिझरगणिक पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणात रुतण्याचा धोका वाढतो. आणि तिसऱ्याचा विचार आम्ही अजून सोडलेला नाही. (सासूबाई हा भाग ऐकणार नाहीत अशी आशा.)

शेवटी डॉक्टरांशी बोलून असं ठरलं: ३७वा आठवडा लागला की पनवेलला नणंदेकडे. तिथून दहा मिनिटांवर रात्रंदिवस ऑपरेशनची सोय असलेलं हॉस्पिटल आहे. कळा आपणहून आल्या तर प्रयत्न करायचा, बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवून. ४० आठवड्यांपर्यंत आल्या नाहीत तर सिझर. औषध देऊन कळा आणल्या की फाटण्याचा धोका वाढतो, ते मला नको.

सासूबाई अजून नाराज आहेत, पण सोबत येतायत. मोठ्याची शाळा नुकतीच सुरू झालेली असेल, त्याला इथे कोणाकडे ठेवायचं ते ठरायचंय.