ओवी सुचायला जातं लागत नाही

दुपारची जेवणं झाली असतील, भांडी पडली असतील, कुणी शेंगा फोडायला घेतल्या असतील. बसा तशाच. हातातलं काम ठेवू नका, कारण आजचं माझं बोलणं काम करता करताच ऐकायचं आहे.

रेडिओच्या ताईंनी मला विषय दिला तो असा, की बाईनं आपलं मन ताजं कसं ठेवावं, तिला नवं काही कसं सुचावं. मी म्हटलं, अहो, मी काय सांगणार? मोबाईलवर वाचते ना मीही. रोज एक तास फक्त स्वतःसाठी काढा, घरातला शांत कोपरा शोधा, तिथं सुगंधी मेणबत्ती लावा. हे लिहिणारीच्या दारात म्हैस नसणार, असं मला दर वेळी वाटतं. आमच्याकडे शांत कोपरा एकच, आणि त्याला कडी आतून आहे.

तेव्हा वेगळा वेळ न काढता होईल अशी एकच गोष्ट मला येते, ती सांगते. ओवी जुळवणं.

आता कुणी म्हणेल, ओवी म्हणजे जात्यावरची, आणि जातं तर कधीच परसात पालथं पडलं. खरं आहे. आमच्याही घरी लग्नात हळद दळायला तेवढं ते उभं करतात, हळदी-कुंकू लावतात आणि पुन्हा कोपऱ्यात. माझ्या लग्नाआधीच गावात पिठाची गिरणी आली होती. मी जात्यावर पोटापुरतं दळण कधी दळलं नाही आणि त्याचं मला दुःखही नाही. पहाटे कोंबडं आरवायच्या आत उठून घरादाराचं पीठ दळायचं, हाताला घट्टे पाडून घ्यायचे, हे काही गोड नव्हतं. ते गोड होतं असं सांगणाऱ्यांनी एकदा खुंटा धरून बघावा.

पण त्या कष्टात बायांनी एक सोय करून घेतली होती. दोघी समोरासमोर बसायच्या, सासू-सून नाहीतर जावा-जावा. एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं तीच ओळ धरायची. तेवढ्यात पहिलीला पुढची ओळ सुचायची. सगळी करामत त्या फिरवून म्हणण्यात आहे. ओळ परत म्हणताना डोक्याला उसंत मिळते. शिवाय अंधार असायचा, घरातली गडीमाणसं झोपलेली असायची. जे कुणाला सांगता येत नाही ते जात्याला सांगायचं. सासूचा जाच सासूसमोर बसून ओवीत म्हणता यायचा. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "ओवीत बोललेलं भांडणात धरायचं नसतं."

अशा ओव्या किती असाव्यात? पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातवां या दोघांनी 1980 च्या दशकापासून आपल्या सहकाऱ्यांबरोबर गावोगावी फिरून त्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर भरल्या. 2017 पासून त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर येत आहेत, गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव घालून. त्या लाखभर ओव्यांतल्या बहुतेक रचणाऱ्यांना शाळेचं तोंड बघायला मिळालं नव्हतं. आणि आपल्या बहिणाबाई चौधरी बघा. जळगावजवळच्या असोद्याच्या, जन्म 1880 चा, लिहिता-वाचता येत नव्हतं, तिशीत वैधव्य आलं. शेतात आणि चुलीपुढं त्या रचायच्या आणि मुलगा सोपानदेव आणि एक भाऊबंद ते उतरवून घ्यायचे. 1951 साली त्या गेल्या. पुस्तक 1952 साली निघालं. म्हणजे आपण रचलेलं छापून आलेलं त्यांनी बघितलंच नाही. तरी त्या रचतच होत्या.

आता माझ्या घरचं सांगते. सांगावं की नको, असं दोन दिवस चाललं होतं. आत्याबाईंनी मान हलवून परवानगी दिली म्हणून सांगते.

दोन वर्षांपूर्वी बेंदराच्या आदल्या दिवशी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढायला लागला आणि बोलणं बंद झालं. समोरचं सगळं कळायचं, माणसं ओळखायच्या, पण तोंडातून शब्द निघेना. पाणी पाहिजे असलं तरी "पाणी" म्हणता येईना. नुसता आवाज यायचा आणि मग डोळ्यांत पाणी. जन्मभर साऱ्या आळीला बोलून पुरून उरलेली बाई! मी त्यांच्यापुढं उभी राहून विचारत बसायची, हे पाहिजे का, ते पाहिजे का, आणि त्या रागानं तोंड फिरवायच्या. त्या दिवसांत मलाही झोप नव्हती. मनात एकच यायचं, हे असंच चालायचं का आता.

एक दिवस ज्वारी पाखडत बसले होते. सुपाचा आवाज ठेक्यात येतो, तुम्हाला माहीत आहे. त्या ठेक्यात मी त्यांचीच एक ओवी गुणगुणायला लागले. माहेराला जाणाऱ्या वाटेची. दुसऱ्या ओळीत मी काहीतरी चुकीचं घातलं. आणि खाटेवरून आवाज आला. आख्खी दुसरी ओळ, चालीसकट, शब्दासकट, मला दुरुस्त करून. सूप माझ्या हातातून पडलं. "आत्या, परत म्हणा," म्हटलं, तर परत तसाच नुसता आवाज. मग मी पहिली ओळ पुन्हा गायले, आणि त्यांनी दुसरी उचलली.

तालुक्याला स्पीच थेरपिस्ट बाईंना विचारलं, तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. बहुतेक माणसांत बोलण्याचं काम मेंदूची डावी बाजू करते आणि आत्याबाईंचा दणका डावीकडेच होता. गाण्यात मात्र उजवी बाजूही कामाला येते. म्हणून बोलणं गेलेल्या काहींना पाठ असलेलं गाणं म्हणता येतं. 1970 च्या दशकात अमेरिकेत यावरून उपचाराची एक पद्धतच बसवली गेली. लहानसं वाक्य चालीवर म्हणायचं, हातानं ठेका धरायचा आणि हळूहळू चाल कमी करत न्यायची. सगळ्यांना गुण येतो असं नाही, हेही त्या बाईंनी स्पष्ट सांगितलं. आमच्या घरी आम्ही "पाणी द्या गं पाणी" ही ओवीच्या चालीवर बसवली. आठ-दहा दिवसांनी आत्याबाईंनी ती म्हटली. पाणी प्यायल्या आणि मग तोंडावर पदर घेऊन रडल्या. मी पण.

त्यानंतर मी वही केली. त्या म्हणतील ते लिहायचं. आजपर्यंत 63 ओव्या झाल्या. पूर्वी त्यांना किती यायच्या ते मोजलंच नाही मी. वीस वर्षं एका घरात राहिले, त्या सकाळी भाकरी थापता थापता म्हणायच्या, आणि मला ते चुलीच्या धुरासारखं वाटायचं. असतंच ते, त्याचं काय एवढं. आता काही ओव्यांची दोन्ही टोकं येतात आणि मधलं गळून गेलेलं असतं.

वही लिहिता लिहिता माझीही एक जुळली. आमच्याकडे शेतीपंपाची लाईट बऱ्याचदा रात्रीची येते. मालक बॅटरी घेऊन मळ्यात जातात, मोटर सुरू करतात, दारं मोडतात. पायाखाली काय येईल आणि उसातून काय निघेल सांगता येत नाही. ते परत येईपर्यंत मी आत-बाहेर करते. हे मी कधी कुणाला बोलले नव्हते. बोलायचं काय त्यात, सगळ्यांचंच तसं. एका रात्री कण्या निवडत बसले असताना आलं:

रात्रीची आली लाईट, धनी गेले गं मळ्यात
दाराशी माझे डोळे, जीव अडके गळ्यात

काही फार मोठं नाही. पण त्या रात्री मी पहिल्यांदा ओट्यावर शांत बसून राहिले. भीती होतीच, फक्त ती आता ओळीत बसलेली होती. आणि ओवी म्हणताना श्वास लांब सोडावा लागतो ना, त्यानंही छातीतली धडधड उतरते, हा अनुभव तुम्ही अंगाई म्हणतानाही घेतला असेल. बाळाआधी आपणच पेंगतो.

मनातलं बाहेर काढल्यानं काय होतं, हे तिकडं तपासूनही बघितलेलं आहे. जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी 1986 साली कॉलेजच्या मुलांना ओळीनं चार दिवस, रोज 15 मिनिटं, आपल्यावरच्या कठीण प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. लिहिल्या लिहिल्या मुलं जास्तच उदास झाली. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. म्हणून सांगते, ओवी जुळवताना रडू आलं तर घाबरू नका. मात्र एक आहे. झोपच येत नाही, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही, असं पंधरा-पंधरा दिवस चाललं असेल, तर तिथं ओवीवर भागवू नका. 14416 हा 'टेलिमानस'चा सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही उचलतात आणि मराठीत बोलता येतं. वहीच्या पहिल्या पानावर मी तो लिहून ठेवला आहे.

बरं, जुळवायची कशी? आमच्या आळीतल्या पाचजणी शेंगा फोडायला बसतो तेव्हा करून बघितलं. पहिल्या दिवशी सगळ्या म्हणाल्या, आम्हाला काही सुचत नाही. कारण सगळ्या देवापासून सुरुवात करायला बघत होत्या. मग ठरवलं की आज सकाळपासून डोळ्यांना जे दिसलं त्यातलंच एक घ्यायचं. फुटलेली बादली चालेल, रेशनची रांग चालेल. आधी ओळीचा शेवटचा शब्द धरायचा, त्याला जुळणारा दुसरा शोधायचा आणि मग मागं भरत यायचं. मात्रा मोजायच्या नाहीत. आपल्या आजीची एखादी चाल आठवते का बघायची, त्या चालीत शब्द बसला की झालं. एखादा लांब झाला तर ओढायचा, आखूड झाला तर मध्ये "बाई" नाहीतर "गं" घालायचं. हे "गं बाई" काय उगाच आले असतील होय ओव्यांत?

आमच्यातल्या एकीची लेक पुण्याला नर्सिंग शिकते. तिनं तिसऱ्या दिवशी म्हटली:

लेक शिकाया पुण्याला, फोन करते रविवारी
तिच्या आवाजाची बाई, मला पुरते शिदोरी

आम्ही सगळ्यांनी ती धरून म्हटली, चार-पाचदा. तिचा नवरा बाहेरून म्हणाला, "काय, कवी झालीस का आता?" ती म्हणाली, "झाले." पुढं तो काही बोलला नाही. दुसऱ्या एकीला मात्र शेवटपर्यंत जमलं नाही. ती म्हणाली, "मला तुमच्या ओळी धरायला आवडतात, तेवढंच करते." तेवढंही पुरे. धरणारी नसेल तर म्हणणारीला सुचायचं कसं?

बचत गटाच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, याची स्पर्धा ठेवू, पहिलीला स्टीलचा डबा देऊ. मी कडाडून नको म्हटलं. डबा आला की लाईटीची भीती जाते आणि विठ्ठल-रुक्मिणीच उरतात. विठ्ठलाबद्दल माझी तक्रार नाही, तो जनाबाईला दळू लागला म्हणतात. पण बक्षिसासाठी म्हटलेलं त्यालाही ओळखू येत असेल.

तुमच्या घरात ओव्या येणारं म्हातारं माणूस असेल तर मोबाईलवर आवाज भरून घ्या. पंखा बंद करा, फोन त्यांच्या तोंडासमोर नाचवू नका, बाजूला उशीवर ठेवा. सुरुवातीला त्यांचं नाव, माहेर, सासर आणि तारीख आपण बोलायची. आणि "ओव्या सांगा" असं म्हणू नका, एकही आठवणार नाही. हातात सूप द्या, नाहीतर निवडायला तांदूळ द्या. हात चालायला लागला की ओव्या आपोआप येतात. आणि भरून घेतलेलं कुणाला पाठवायच्या आधी त्यांना विचारा. त्यात कुणाच्या नणंदेचं, कुणाच्या जावेचं काय काय असतं, ते गावभर व्हायला नको.

आज इकडं निघताना आत्याबाईंनी खुणेनं विचारलं, कुठं? म्हटलं, रेडिओवर, तुमच्या ओव्यांचं सांगायला. त्यांनी डाव्या हातानं उशाखालची वही काढून दिली आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. तिथं अर्धीच ओवी आहे. पहिली ओळ अशी:

ओढ्याला आलं पाणी, भाऊ माझा पलीकडं

पुढची ओळ दोन महिने त्यांच्या ओठांपर्यंत येते आणि थांबते. मी सतरा शब्द घालून बघितले, त्या मान हलवतात, हे नव्हे. तुमच्यापैकी कुणाच्या आजीला, आत्याला ती ठाऊक असेल तर रेडिओच्या ताईंना फोन करून सांगा, त्या मला कळवतील. ठाऊक नसेल तर तुमची जुळवून पाठवा. पण ती मी वेगळ्या शाईनं लिहीन.

येते मी. म्हशीची वेळ झाली.