ध्रुवस्वामिनी : कुलनिष्ठा आणि पुनर्विवाह

विशाखदत्ताचे 'देवीचंद्रगुप्त' हे संस्कृत नाटक आज संपूर्ण असे कोठेही उपलब्ध नाही. रामचंद्र-गुणचंद्रांनी 'नाट्यदर्पणा'त आणि भोजाने 'शृंगारप्रकाशा'त उदाहरणादाखल जे उतारे घेतले, तसे उतारेच काय ते उरले. तथापि त्या तुकड्यांवरून कथेची रूपरेषा जुळते. शकांच्या वेढ्यात सापडलेला रामगुप्त आपली राणी शत्रूच्या स्वाधीन करावयास राजी होतो. त्याचा धाकटा भाऊ चंद्रगुप्त राणीचा वेष घेऊन शकपतीकडे जातो आणि त्याचा वध करतो. पुढे भावाला मारून चंद्रगुप्ताने राज्य घेतले आणि भावजयही घेतली, ही वार्ता शतकानुशतके लोकांच्या तोंडी होती. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या संजाण येथील ताम्रपटात, शके 793 मध्ये, त्या गुप्त राजाला याच कृत्याबद्दल नाव न घेता टोमणा मारलेला आहे. दानशूर म्हणून मिरविणाऱ्याने भावाची बायको आणि राज्य हरण करावे, यात कसली थोरवी, असा त्याचा रोख.

हीच वार्ता काशीच्या जयशंकर प्रसादांनी 1933 साली 'ध्रुवस्वामिनी' या हिंदी नाटकासाठी उचलली. तीन अंक, पात्रे मोजकी. प्रसादांच्या इतर नाटकांच्या मानाने हे फारच आटोपशीर आहे आणि रंगभूमीला मानवणारेही आहे. परंतु त्यांनी कथेच्या मर्मस्थानीच फेरफार केला. चंद्रगुप्ताच्या हातून भाऊ मारला जाऊ दिला नाही, आणि ध्रुवस्वामिनीला विधवा होऊन पुनर्विवाह करावयास लावले नाही. हे दोन फेरफार नीट पाहिले म्हणजे नाटककाराला काय म्हणावयाचे होते ते कळते.

प्रसादांच्या नाटकात ध्रुवस्वामिनी ही मुळात चंद्रगुप्ताचीच वाग्दत्त वधू. पित्याने सिंहासनही त्यालाच द्यावयाचे ठरविले होते. परंतु अमात्य शिखरस्वामीच्या कारस्थानाने रामगुप्त राजा झाला, आणि घरात कलह नको म्हणून धाकट्या भावाने राज्यही सोडले व वधूही सोडली. आपल्याकडे अशा त्यागाचे पोवाडे गाण्याची रीत आहे. रामासाठी पादुका पूजणारा भरत आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. पण भरताने सोडले ते केवळ राज्य होते. चंद्रगुप्ताने जी सोडली ती एक जिवंत स्त्री होती, आणि तिला कोणी काही विचारले नव्हते! हा भेद प्रसाद विसरत नाहीत. आपल्या विनयामागे भ्याडपणा दडला होता, ही टोचणी चंद्रगुप्ताला लागते. आणि ती लागेपर्यंत राणी दुसऱ्याच्या अंतःपुरात बंदिवान होऊन बसलेली असते.

पहिल्या अंकातील प्रसंग अंगावर काटा आणणारा आहे. शकराजाने राणी तर मागितलीच, शिवाय आपल्या सामंतांसाठी मगधातील सामंतांच्या स्त्रियाही मागितल्या. रामगुप्त हा सौदा मान्य करतो. राणी त्याची विनवणी करते, पती म्हणून रक्षण कर म्हणते. तो ऐकत नाही. कुलवधूने कुलासाठी झिजावे, हे जुने शिकवणे आहेच. येथे त्याच शिकवणीच्या आधाराने कुलवधूच शत्रूच्या छावणीत पाठविली जात आहे. अशा वेळी कुलाशी निष्ठा म्हणजे कोणाशी निष्ठा? जो ज्येष्ठ म्हणून गादीवर बसला त्याच्याशी, की ज्या घराची अब्रू तो विकावयास निघाला त्या घराशी? चंद्रगुप्त भावाविरुद्ध शस्त्र उपसत नाही. तो राणीच्या वेषात शकदुर्गात जाण्याचे पत्करतो, आणि ध्रुवस्वामिनीही हट्टाने त्याच्याबरोबर निघते. भावाची लाज राखण्याचा हा त्याचा अखेरचा प्रयत्न होय.

तिसऱ्या अंकात शकराजा मारला गेला आहे आणि दुर्ग हाती आला आहे. शकराजावर जीव लावलेली कोमा त्याचे शव मागावयास येते. ध्रुवस्वामिनी ते देते. पण वाटेत रामगुप्ताचे सैनिक कोमाला आणि तिच्या वृद्ध पालकाला, मिहिरदेवाला, ठार मारतात. येथून सामंतांची मने फिरतात. मग परिषद बसते आणि पुरोहिताला धर्मनिर्णय विचारला जातो. पराशर आणि नारद या स्मृतींनी ज्या आपत्तींत स्त्रीला दुसरा पती सांगितला, त्यांत पती क्लीब असणे ही एक होय. याच पराशरवचनाचा आधार विद्यासागरांनी विधवाविवाहासाठी घेतला होता, आणि 1856 चा कायदा त्यातून आला. प्रसादांचा पुरोहित 'क्लीब' या शब्दाचा अर्थ शरीरावरून आचरणावर नेतो : स्वतःच्या पत्नीला जो परक्याच्या हवाली करतो, त्याला दुसरे काय म्हणावे? कायद्याच्या कचेरीत हा अर्थ टिकला नसता. नाटकात मात्र तो पुरेपूर पटतो.

घटनांचा क्रम येथे महत्त्वाचा आहे. विवाह आधी मोडतो, रामगुप्त नंतर मरतो. तोही चंद्रगुप्तावर मागून वार करू पाहताना एका सामंतकुमाराच्या हातून. म्हणजे ध्रुवस्वामिनी मोकळी होते ती पतीच्या मृत्यूने नव्हे, न्यायाने. 1933 साली हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदा बडोदे संस्थानात नुकताच, 1931 साली, मिळाला होता. साऱ्या देशाला तो मिळावयास 1955 साल उजाडले. त्या काळी असे नाटक लिहिणे ही साधी गोष्ट नव्हती. मात्र चंद्रगुप्ताचे हात इतके स्वच्छ ठेवल्याने एक तीव्र प्रश्न हातचा निसटला, असेही वाटते. भाऊ त्याच्याच हातून मारला गेला असता, तर त्या विवाहाला काय किंमत पडली हे प्रेक्षकाला सोसावे लागले असते. विशाखदत्ताने ते कसे हाताळले असेल, याचे कुतूहल म्हणूनच संपत नाही.

इतिहासाने या घराण्याबद्दल जे जपले तेही विलक्षण आहे. गुप्तांच्या अधिकृत वंशावळीत रामगुप्ताचे नाव नाही. दप्तराला गैरसोयीची नावे गाळण्याची विद्या फार जुनी! त्याला कविकल्पना मानणारे पंडित पुष्कळ होते. परंतु विदिशेजवळ दुर्जनपूर येथे 1969 साली सापडलेल्या जैन मूर्तींच्या पीठावर महाराजाधिराज रामगुप्त हे नाव कोरलेले आढळले. उलट ध्रुवस्वामिनीची मृण्मुद्रा वैशालीच्या उत्खननात केव्हाच मिळाली होती. तीत ती महाराजाधिराज चंद्रगुप्ताची पत्नी आणि महाराज गोविंदगुप्ताची माता आहे. पहिल्या पतीचा उल्लेख नाही.

आणखी एक स्त्री प्रसादांच्या नाटकात येतच नाही. नंदिवर्धनाहून विदर्भाचा कारभार पाहणारी प्रभावतीगुप्ता ही याच चंद्रगुप्ताची कन्या. पुणे येथे उपलब्ध झालेल्या आपल्या ताम्रपटात ती आईचे नाव सांगते, ते नागकुलातील कुबेरनागेचे. ध्रुवस्वामिनी राजगृहात महादेवी म्हणून वावरत असता त्या नागकन्येचे स्थान कोणते होते, हे ताम्रपट सांगत नाही, आणि नाटककारालाही ते विचारावेसे वाटले नाही.