खानावळवालीच्या नावावर कर्ज

रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत बाहेरगावची पोरं कामाला आली, तशा आपल्या शिरूर-दौंडमध्ये घरोघरी मेस सुरू झाल्या. कुणी दहा डबे करते, कुणी तीस. पहिल्या पाळीचा डबा द्यायचा तर पहाटे चारला उठावं लागतं. तरीही कुणी विचारलं, "काय करता?" की आपण सांगतो, "काही नाही, घरीच असते." म्हणून आज आम्ही तुम्हाला अन्नपूर्णा महिला मंडळाची हकीकत सांगणार आहोत.

मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार बायकापोरं गावी ठेवून दाटीवाटीने एका खोलीत राहायचे. त्यांना दोन वेळचं जेवण चाळीतल्या बायका घालायच्या. पैसे मिळायचे पगार झाल्यावर. तोवर किराणा उधारीचा, नाहीतर सावकाराकडून जबर व्याजाने पैसे. राबायची बाई, कमाई जायची व्याजात. बँकेत जावं तर तारण काय दाखवणार?

प्रेमाताई पुरव यांनी हे जवळून पाहिलं. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुढे मुंबईत कामगार बायकांमध्ये काम करत होत्या. 1969 साली मोठ्या बँका सरकारी झाल्या होत्या. मग त्यांचा पैसा खानावळवालीला का मिळू नये, असा त्यांचा सवाल होता. 1975 साली मंडळ सुरू झालं. पहिल्या गटात 14 जणी होत्या. एकीने दुसरीची हमी घेतली आणि बँकेने कर्ज दिलं. आज आपला बचत गट ज्या विश्वासावर चालतो, तोच हा विश्वास. तेव्हा मात्र ही गोष्ट नवी होती.

पुढे 1982 चा गिरणी संप आला. गिरण्या थंडावल्या, कामगार गावाकडे परतले, ताटं उठली. फक्त गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या खानावळी अडचणीत आल्या. पण मंडळ टिकलं. ऑफिसांना जेवण पुरवणं, समारंभांच्या ऑर्डरी, बायकांना प्रशिक्षण आणि नोकरदार महिलांसाठी वसतिगृह, अशी त्याची कामं वाढत गेली. 2002 साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. त्यांची मुलगी मेधाताई सामंत यांनी बँकेतली नोकरी सोडून 1993 पासून पुण्याच्या वस्त्यांमध्ये हेच काम पुढे नेलं.

आता आपलं बघू. कंपनीने उद्या कंत्राटी पोरं कमी केली, तर आपले डबे किती उरतील? म्हणून एकाच गेटवर विसंबू नका. रांजणगावला महागणपतीचे भाविक येतात, दौंडला रेल्वेचं जंक्शन आहे, गावोगावी लग्नसराई असते. पाच-सहा जणींनी मिळून ऑर्डर घेतली तर तेल, डाळ एकदम घेता येते, स्वस्त पडते. अन्नपदार्थ विकण्याची सरकारी नोंदणी करून ठेवा. मोठी ऑर्डर देणारा ती आधी विचारतो.

आणि हिशोब लिहा. गॅस, पीठ, तेल, डबा पोचवायचं पेट्रोल तर लिहाच, त्याखाली आपल्या हाताची मजुरीही लिहा. दुसऱ्याच्या शेतात खुरपायला गेलो तर रोज घेतोच ना? मग चुलीपुढचे सहा तास फुकट का? येत्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या एका डब्याचा खर्च मांडावा. मजुरी धरून परवडत नसेल, तर डब्याचा दर सगळ्यांनी मिळून ठरवावा. एकटीने दर वाढवला तर गिऱ्हाईक शेजारणीकडे जातं.