समुद्रातून परत आलेल्यांची हकीकत

समुद्रातून वाचून आलेल्या माणसाभोवती लोक जमतात ते पराक्रम ऐकावयास. उपयोगाची गोष्ट मात्र पुष्कळदा निराळीच असते: वारा कोणीकडचा होता, मदतीचा निरोप केव्हा गेला.

२२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रेजिस येथून प्लिमथचे आठ विद्यार्थी, एक शिक्षक व दोन प्रशिक्षक कयाकांतून चारमथकडे निघाले. कयाक म्हणजे वल्ह्याने चालणारी अरुंद, हलकी होडी. बसण्याच्या जागेभोवती आच्छादन नसेल तर लाटेगणिक तीत पाणी शिरते. शिक्षकांची होडी आरंभीच उलटू लागली. एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी थांबला, आणि जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याने बाकीच्यांना दूर नेले. होड्या एकामागून एक भरल्या. दुरून दिसेल असा संकटाचा प्रकाशबाण कोणापाशी नव्हता. मंडळी दुपारी परतावयाची. ती आली नाहीत तरी तटरक्षकांस कळविण्यात मोलाचे तास गेले. गार पाण्यात राहून चार मुले दगावली. इतरांना वाचविण्यात आले.

परंतु त्याच केंद्रातून आदल्या वर्षी बाहेर पडलेल्या दोन प्रशिक्षकांनी तेथील अव्यवस्थेविषयी चालकास लेखी इशारा दिला होता! बचावलेल्यांची हकीकत त्या पत्राशेजारी ठेवली की, दैवाला दोष देण्यास जागा उरत नाही. १९९४ साली न्यायालयाने चालकास व त्याच्या कंपनीस मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविले. मृत मुलांच्या पालकांनी ही कहाणी घरात कोंडून ठेवली नाही. त्यांच्या खटपटीने १९९५ साली पार्लमेंटने अशा केंद्रांच्या तपासणीचा व परवान्यांचा कायदा केला.