पन्नासचे मन्वंतर आणि स्मृतीची निवड
(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मराठीत ‘मन्वंतर’ म्हणजे युगाचा पालट. बंगालीत हाच शब्द महादुष्काळासाठी वापरतात. बंगाली सन १३५०, म्हणजे इसवी सन १९४३, मधील दुष्काळाला तेथील जनता ‘पन्नासचे मन्वंतर’ म्हणते. भाषांतर करताना या शब्दापाशी थांबावे लागते. तसेच एका प्रश्नापाशीही थांबावे लागते: एवढ्या मोठ्या संहाराचे राष्ट्रीय स्मारक देशात का नाही?

१९४५ च्या सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे पंधरा लाख दिला. नंतरच्या अभ्यासकांचा अंदाज तीस लाखांच्या आसपास जातो. कलकत्त्याच्या रस्त्यांवर आलेली माणसे भातसुद्धा मागत नव्हती. भात वेळून काढलेले पाणी मागत होती.

याच्या शेजारी जालियनवाला बाग ठेवून पाहा. १३ एप्रिल १९१९ च्या त्या हत्याकांडाचे स्मारक उभारण्यासाठी १९५१ साली संसदेने कायदा केला आणि १९६१ मध्ये स्मारकाचे उद्घाटन झाले. हे सर्वस्वी योग्यच झाले. परंतु तेथे एक जागा होती, एक तारीख होती आणि गोळीबाराचा हुकूम देणारा परकीय अधिकारी होता. त्या स्मृतीपुढे उभे राहताना देशातील कोणत्याही वर्गाला मान खाली घालावी लागत नाही.

बंगालच्या दुष्काळाचे तसे नाही. प्रमुख गुन्हेगार साम्राज्यशाहीच होती. जपानी आक्रमणाच्या भीतीने १९४२ मध्ये किनारी जिल्ह्यांतून तांदूळ हलवण्यात आला, नावा जप्त वा नष्ट करण्यात आल्या. मच्छिमारांचे जगण्याचे साधनच गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळाने झोडपले. युद्धखर्चाने भाव भडकले. तरीही दुष्काळसंहितेनुसार दुष्काळ जाहीर करण्यात आला नाही. परंतु तांदूळ दडवणारे साठेबाज, भाव चढण्याची वाट पाहणारे जोतेदार, गरजू शेतकऱ्याची जमीन कवडीमोलाने लिहून घेणारे सावकार, हे आपल्याच देशातील होते. एकाचा नफा हाच दुसऱ्याचा मृत्यू ठरला, असा निष्कर्ष खुद्द सरकारी आयोगाला नोंदवावा लागला. कलकत्त्यातील कारखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या नोकरवर्गाला स्वस्त धान्य पुरवण्याची व्यवस्था झाली. खेड्यातील शेतमजूर, मच्छिमार आणि कारागीर त्या व्यवस्थेबाहेर राहिले. मेले ते प्रामुख्याने तेच. त्यांच्या मृत्यूचे स्मारक उभारायचे तर त्यावर या साऱ्यांची नावे कोरावी लागतील. स्मृतीची निवड होते ती येथे.

तरीही ही स्मृती पुसली गेली नाही. ‘पीपल्स वॉर’ आणि त्याची मराठी आवृत्ती ‘लोकयुद्ध’ मुंबईहून निघत. त्या काळच्या पक्षपत्रांतून चित्तप्रसादांची रेखाचित्रे आणि सुनील जाना यांची छायाचित्रे देशभर पोहोचली. चित्तप्रसादांच्या ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तिकेच्या प्रती सरकारने जप्त करून नष्ट केल्या. ‘इप्टा’ने १९४४ मध्ये ‘नवान्न’ नाटक रंगभूमीवर आणले. स्मारक दगडाचे नव्हते. ते कागदाचे आणि रंगमंचाचे होते, आणि ते हालचाल करणाऱ्या माणसांनी उभारले होते.

आज त्या काळाचे साक्षीदार जवळपास उरलेले नाहीत. म्हणून आपली जबाबदारी वाढते. आपण जेथे काम करतो तेथील उपासमारीच्या, खाण-अपघातांच्या, शेतमजुरांवरील हल्ल्यांच्या हकिकती संबंधितांच्या तोंडून, त्यांच्याच भाषेत लिहून घ्या. नावे, तारखा, धान्याचे भाव यांसह. आणि एखाद्या दुर्घटनेचा स्मृतिदिन सरकारी इतमामाने साजरा होत असेल तेव्हा आदराने उभे राहा. पण त्याबरोबर हेही विचारा, की कोणाचे मृत्यू या यादीत आले नाहीत, आणि ते आले असते तर कोणाला अडचण झाली असती?