पायाभरणीच्या आधीं
(ज्युबिलीनिमित्त दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं आपल्यापैकीं अनेकांच्या मनांत एक इच्छा घोळत आहे: आपल्या धर्मग्रामाला स्वतःचें सभागृह असावें, आणि त्याची कोनशिला ह्याच उत्सवांत बसवावी. इच्छा स्तुत्य आहे. घाई मात्र मला मान्य नाहीं, व ती कां मान्य नाहीं हें सांगण्यासाठींच मी उभा आहें.

आपल्या दिव्यावरून जाणारा लोहमार्ग ठाण्याहून कल्याणास १ मे १८५४ रोजीं पोहोंचला. पुढें त्याला बोरघाट चढावयाचा होता. त्या घाटाचें काम पहिल्या ठेकेदारानें १८५९ मध्यें सोडलें. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, विलायतेहून मुंबईस उतरला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिनें ठेका टाकला नाहीं. काम जाणणारे एंजिनियर नेमून तिनें तें तडीस नेलें, व १८६३ मध्यें घाटांतून गाडी धावूं लागली. येथपर्यंतची हकीकत लोक आनंदानें सांगतात. पुढची सहसा कोणी सांगत नाहीं. १८६७ च्या पावसाळ्यांत ह्याच घाटांतील महूकी-मल्ली नांवाचा उंच कमानींचा पूल ढासळला. दोष त्याच्या दगडकामांत होता. उद्घाटनाच्या दिवशीं पताका लावणाऱ्यास तो कोठून दिसणार? तो दिसण्याची वेळ एकच होती, थर उघडे होते ती.

बांधकामाचा प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याखालीं गाडला जातो. पाया जोत्याखालीं, सळई काँक्रीटमध्यें, काँक्रीट गिलाव्याखालीं. जें झांकलें जाणार तें झांकण्यापूर्वीं पाहणारा जाणता माणूस हवा. तो ठेकेदाराच्या पगारावर नसावा, आणि त्याच्या मुखांतून 'थांबा' हा शब्द निघतांच काम थांबलें पाहिजे, मग मिक्सर भरून उभा असला तरी.

हें मी कोणत्या भूमीवर उभा राहून बोलत आहें, तें आपण जाणतां. येथून जवळच, शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमध्यें, ४ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळीं एक बहुमजली इमारत कोसळली व ७४ जीव गेले. तिला परवानगी नव्हती. वरचें काम चालू असतांनाच खालीं कुटुंबें राहावयास आलीं होतीं. त्या कुटुंबांना बोल लावण्यास माझी जीभ धजत नाहीं. गरिबाला परवडेल तेथें तो बिऱ्हाड करतो. परंतु आपण दानाच्या पैशानें, समिती नेमून, विचारपूर्वक बांधणार आहों. आपणांस ती सबब नाहीं.

म्हणून क्रम असा असावा. प्रथम जमिनीचे कागद: सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा. मग मातीची परीक्षा. खाडीकांठची जमीन वरून कोरडी दिसते, पण खालीं मऊ चिखल किती खोल आहे हें भोंक घेतल्याशिवाय कळत नाहीं. आणि पायाचा खर्च त्यावरच ठरतो. त्यानंतर नकाशा, ठाणें महानगरपालिकेची मंजुरी, आणि तेव्हां कुठें अंदाजपत्रक. संत लूकच्या शुभवर्तमानांतील मनोरा बांधणारा आपणांस ठाऊक आहे. खर्चाचा हिशेब सर्वांना आठवतो. तो माणूस आधीं खालीं बसतो, हें फारसें कोणी ध्यानांत घेत नाहीं.

अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर, 'आतां काम चाललेंच आहे तर एक खोली वाढवूं' ही सूचना हमखास येईल. ती लेखी यावी, तिचा खर्च व तिला लागणारे दिवस शेजारीं मांडावे, मगच ती सभेपुढें ठेवावी. तोंडी हुकूम मीही देणार नाहीं.

विलंबाला भिऊं नका. ठाणें-दिवा पांचवा व सहावा मार्ग २००८-०९ मध्यें मंजूर झाला, आणि त्याचें उद्घाटन १८ फेब्रुवारी २०२२ रोजीं झालें. सुमारें ६२० कोटी रुपये लागले. मुदती कितीदां टळल्या, तें लोकलच्या दारांत लोंबकळत गेलेल्यांना विचारा. चालत्या गाड्यांच्या शेजारीं काम, तें धिमेंच होणार. परंतु प्रत्येक वेळीं नवी तारीख जाहीर करून ती मोडल्यानें लोकांचा विश्वास उडतो. आपण तारीख एकदांच सांगूं, व ती परवानगी हातीं आल्यावर.

काँक्रीटचे घन ठोकळे पाडून ते सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशीं प्रयोगशाळेंत दाबून पाहतात. तेवढे दिवस धीर धरावा, व स्लॅबला पाणी मारण्यांत कुचराई होऊं देऊं नये. उन्हाळ्यांत ह्या एका कामासाठीं तरुण मंडळीनें पाळ्या लावल्या, तर ती वर्गणीहून मोठी देणगी होईल.

जोत्याची तपासणी आणि शेवटीं भोगवटा प्रमाणपत्र, ह्यांवांचून आंत एकही खुर्ची जाऊं नये. ठेकेदाराच्या बिलांतील कांहीं रक्कम पहिला पावसाळा सरेपर्यंत राखून ठेवावी. गळती आषाढाशिवाय बोलत नाहीं. नळ व विजेच्या तारा भिंतींत कोठून गेल्या, त्याचे नकाशे कार्यालयांत जपावे. आणि दरवर्षीं मे महिन्यांत गच्चीच्या पन्हळी कोणी साफ करावयाच्या, हें आजच ठरवावें. त्या गृहस्थाचें नांव कोनशिलेवर येणार नाहीं, पण वहींत असलेंच पाहिजे.

येत्या रविवारीं मिस्सानंतर पहिली सभा आहे. वर्गणीचा विषय त्या दिवशीं नाहीं. जमिनीचे कागद वाचावयाचे आहेत. ज्यांस मोडी वाचतां येते, त्यांनीं चष्मा घेऊन यावें.