वाचकाच्या हाती दिलेली गोष्ट



गोष्ट एकदा प्रसिद्ध झाली की लेखक सुटला, अशी आपली समजूत. पण पुढे काय व्हावे हे वाचकच ठरवतो, अशा संगणकावरील गोष्टीचे काय?

‘मास इफेक्ट’ घ्या. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीने ही त्रिखंडी कथा २००७, २०१० आणि २०१२ साली प्रसिद्ध केली. कोणाला वाचवायचे, कोणाशी सख्य करायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. पहिल्या खंडातला निर्णय तिसऱ्यापर्यंत पोचायचा. आणि शेवट? पर्याय तीन, पण दृश्ये बव्हंशी सारखी. डोळ्यांत भरला तो प्रकाशाचा रंग तेवढा निराळा! लोक संतापले, आणि तो संताप मला रास्त वाटतो. पंगतीत प्रत्येकाला आवडनिवड विचारावी आणि सर्वांच्या पानात पिठलेच वाढावे, तसे हे झाले. (पिठल्याशी माझे वैर नाही.)

जून २०१२ मध्ये कंपनीने शेवटाची विस्तारित आवृत्ती फुकट दिली. मूळचे तीन शेवट तिने तसेच ठेवले, हे ध्यानात घ्या. शेवट दुःखाचा आहे, या तक्रारीपुढे मान तुकवली असती तर गोष्ट गोड झाली असती, पण खोटीही. कंपनीने ऐकले ते दुसरे गाऱ्हाणे : आमच्या निवडींचे झाले काय? म्हणून सोबती रणांगणातून कसे निघाले ते दाखवले, पुढे कोणाचे काय झाले याची चित्रे आणि निवेदन जोडले. शिवाय तिन्ही पर्याय झिडकारण्याची चौथी वाट उघडली. त्या वाटेने जाणाऱ्याच्या पदरी मात्र पराभवच येतो.